कोणत्या वयात कोणती युद्धकला? प्रकार, फायदे आणि घ्यायची काळजी

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की सोसायटीच्या फाटकावर आणि शाळेच्या सूचनाफलकावर कराटे, तायक्वांदो, ज्युदोच्या वर्गांच्या जाहिराती दिसू लागतात. शिस्त लागेल, आत्मविश्वास वाढेल, स्वसंरक्षण करता येईल, ही तीन आश्वासने जवळपास प्रत्येक जाहिरातीत असतात. त्यामुळे पालकांना प्रश्न पडतो की यांपैकी कोणती कला चांगली? पस्तिशी-चाळिशीतल्या व्यक्तीला वाटते, आता सुरुवात करायला उशीर झाला का? आणि घरातल्या आजी-आजोबांचा तर या विषयाशी काही संबंध असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही.

प्रत्यक्षात युद्धकलेचा फायदा तिच्या नावावर कमी आणि दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असतो. पहिली गोष्ट म्हणजे शिकणाऱ्याचे वय आणि दुसरी म्हणजे शिकवण्याची पद्धत. एकच ज्युदो सात वर्षांच्या मुलाला पडण्याची भीती घालवायला उपयोगी पडतो आणि घाईने शिकवला तर पंधरा वर्षांच्या मुलाच्या जिवावरही बेतू शकतो. म्हणून आधी या कलांमध्ये शरीराला नेमके काय करावे लागते ते पाहू, आणि मग वयानुसार विचार करू.

युद्धकलांचे मुख्य प्रकार

जगात शेकडो युद्धकला आहेत. शरीरावर पडणाऱ्या ताणाच्या दृष्टीने त्यांचे ढोबळमानाने चार गट करता येतात.

१. ठोसे आणि लाथांच्या कला: कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग, किक बॉक्सिंग. कराटेचा उगम जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांवरचा. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत त्याचे प्रात्यक्षिक दाखवले आणि तिथून ही कला जपानभर व पुढे जगभर पसरली. 'कराटे' या शब्दाचा अर्थ 'रिकामा हात'. तायक्वांदो कोरियाचा. त्यात पायांचा वापर जास्त असतो. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून तो पदकांचा खेळ आहे. या गटात चपळाई, लवचिकता आणि तोल वाढतो. धोका असतो तो डोक्यावर बसणाऱ्या फटक्यांचा.

२. पकड आणि फेकीच्या कला: कुस्ती, ज्युदो, जिउ-जित्सू. महाराष्ट्राची ही आपली परंपरा आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावच्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ज्युदोची स्थापना जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत केली. जुन्या जपानी कुस्तीप्रकारांतले घातक डाव वगळून त्यांनी तो शिक्षणाचे साधन म्हणून घडवला. या गटात सर्वांगाची ताकद आणि पकड वाढते. मान, खांदे आणि गुडघे यांना मात्र जपावे लागते.

३. शस्त्रांच्या कला: लाठी-काठी, दांडपट्टा, फरी-गदका अशा साधनांचे आपले मर्दानी खेळ आणि केरळची कलरीपयट्टू. या कलांमध्ये अंतराचा अंदाज, हात-डोळ्यांचा मेळ आणि पदन्यास यांना महत्त्व असते. कलरीपयट्टूमधील शिक्षणाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी फक्त शरीराचे व्यायाम, मग लाकडी शस्त्रे, त्यानंतर धातूची शस्त्रे आणि शेवटी नि:शस्त्र लढत. शरीर तयार झाल्याशिवाय पुढची पायरी नाही, हा नियम त्या परंपरेने पक्का केला आहे.

४. संथ हालचालींच्या कला: यात चीनची ताई ची सर्वांत प्रसिद्ध. तिच्या मुळाशी लढतीचे डाव आहेत, पण आज ती बहुतेक ठिकाणी सावकाश आणि सलग हालचालींचा व्यायाम म्हणून केली जाते. १९५६ मध्ये चीनमध्ये तिचा २४ हालचालींचा सोपा क्रम तयार झाला. तो आज जगभर शिकवला जातो.

वय ४ ते ६: खेळ हीच तालीम

या वयात मूल कोणतीही युद्धकला 'शिकत' नाही. ते धावायला, उडी मारायला, एका पायावर उभे राहायला, कोलांटी मारायला आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकते. चांगला प्रशिक्षक या वयाच्या मुलांकडून नेमके एवढेच करून घेतो. वर्ग अर्ध्या-पाऊण तासाचा असावा. त्यात पकडापकडी, रांगणे, लोळणे, चेंडूचे खेळ असावेत. मध्येच एखादा नमस्कार आणि एखादी लाथ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वयोगटातल्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करायला हवी. आठवड्यातून दोनदा होणाऱ्या वर्गाने हे गणित पूर्ण होत नाही. त्यामुळे वर्ग लावला म्हणून मैदानावरचे किंवा अंगणातले खेळणे बंद करू नये.

या वयात स्पर्धा, समोरासमोरची लढत, विटा-फरशा फोडणे यांना जागा नाही. पाच वर्षांच्या मुलाला तासभर एका रांगेत उभे करून ओरडून शिस्त लावली जात असेल, तर त्या वर्गातून मूल फारसे काही घेऊन येणार नाही. आणले तर कंटाळा आणेल.

वय ७ ते १२: शिकण्याचा सुवर्णकाळ

सुरुवातीसाठी हे सर्वांत अनुकूल वय. कलरीपयट्टूतही मुलांना साधारण सातव्या वर्षी कलरीत आणण्याची प्रथा आहे. या वयात तोल, लय आणि हालचालींचा मेळ झपाट्याने विकसित होतो. सूचना समजतात, अनुकरण सहज जमते, आणि शरीर हलके असल्याने पडल्यावर मार कमी लागतो.

पहिली शिकायची गोष्ट म्हणजे पडणे. ज्युदोमध्ये याला 'उकेमी' म्हणतात. हनुवटी छातीकडे ओढून घ्यायची, पाठ गोल करायची, हाताच्या तळव्याने गादीवर आपटून धक्का पसरवायचा. ही सवय एकदा अंगात मुरली की ती सायकलवरून पडताना आणि ओल्या फरशीवर घसरतानाही कामी येते. कुस्तीच्या तालमीत लाल मातीच्या हौद्यात लोळण घेणाऱ्या पोरांनाही हेच नकळत मिळत असते.

शिस्त आणि एकाग्रतेचे काय? अमेरिकेतील एका शाळेत लहान मुलांचे दोन गट करून अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला तीन महिने तायक्वांदो शिकवला, दुसऱ्याला नेहमीचा शारीरिक शिक्षणाचा तास. तायक्वांदोच्या गटात स्वतःवर ताबा ठेवण्याची क्षमता अधिक सुधारलेली दिसली. मात्र तिथे प्रत्येक तासात मुलांना स्वतःला विचारायला शिकवले जात होते: मी आत्ता काय करतो आहे, आणि मी काय करायला हवे?

या शिकवण्याच्या पद्धतीला किती महत्त्व आहे, हे दुसऱ्या टोकाच्या अभ्यासावरून कळते. नॉर्वेत ११ ते १३ वयाच्या मुलांचा काही काळ माग ठेवला गेला. बॉक्सिंग, कुस्ती, वेटलिफ्टिंग आणि पौर्वात्य युद्धकला करणाऱ्या मुलांमध्ये मारामारी व बेशिस्त वर्तन वाढल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले. म्हणजे वर्गात नाव घातले की शिस्त आपोआप येईल, असे समजण्यात अर्थ नाही.

डोक्याच्या बाबतीत मात्र तडजोड नको. अमेरिका आणि कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये एकत्रितपणे मुलांच्या बॉक्सिंगला विरोध नोंदवला, कारण त्या खेळात डोक्यावर मारणे हा गुण मिळवण्याचा एक मार्ग असतो. डोक्यावरचे संरक्षक कवच जखम आणि खोक टाळते, पण आत मेंदूला बसणारा हादरा ते थांबवते असा भरवसा देता येत नाही. म्हणून या वयात काता, पट्ट्यावरचा सराव, गादीवरची फेक आणि कुस्तीची पकड चालेल. डोक्यावर मारण्याची मुभा असलेली लढत नको.

वय १३ ते १८: ताकद वाढते, धोकाही वाढतो

किशोरवयात उंची, वजन आणि ताकद एकदम वाढते. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा मऊ थर असतो, तिथून हाड वाढते. मुलींमध्ये साधारण १४ ते १६ आणि मुलांमध्ये १६ ते १८ वर्षांच्या सुमारास हा थर टणक होतो. तोपर्यंत सांध्यांवर अति ताण, जड वजने आणि एकाच बाजूचा सततचा सराव टाळावा. जोर-बैठका, दोरीवर चढणे, धावणे असे स्वतःच्या शरीराचे वजन वापरून केलेले व्यायाम मात्र हाडे आणि स्नायू बळकट करतात. या वयात हाडांत साठलेली ताकद पुढे आयुष्यभर पुरवायची असते.

जपानचा अनुभव इथे डोळे उघडणारा आहे. तिथल्या शाळांमध्ये १९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत ज्युदोच्या सरावात शंभराहून अधिक विद्यार्थ्यांचे मृत्यू झाले. त्यांत डोक्याच्या दुखापतींचा वाटा मोठा होता आणि बळी पडलेल्यांत नुकतीच सुरुवात केलेली पहिल्या वर्षाची मुले जास्त होती. डोके जमिनीवर आपटले नाही तरी जोराच्या झटक्याने मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्या फाटू शकतात. पडायला नीट शिकण्याआधीच मोठ्या, अनुभवी मुलांनी नवशिक्यांना फेकणे, हे त्याचे एक कारण होते. डोके दुखत असताना सराव चालू ठेवणे, हे दुसरे. पालकांनी आणि संशोधकांनी हा विषय लावून धरल्यावर सुरक्षिततेचे नियम कडक झाले. मार्च २०२२ मध्ये जपानच्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. जिंकण्याच्या हव्यासापायी मुलांवर येणारा दबाव, हे कारण त्यांनी दिले. ज्या देशाने ज्युदो जन्माला घातला, त्यानेच हा निर्णय घेतला.

किशोरवयातला दुसरा धोका वजनाचा. कुस्ती, ज्युदो, तायक्वांदो, बॉक्सिंग हे सगळे वजनी गटांचे खेळ. खालच्या गटात बसण्यासाठी स्पर्धेच्या आधी पाणी तोडणे, उपाशी राहणे, अंगावर प्लास्टिक घालून धावणे असे प्रकार होतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन तीन कुस्तीगीर अशाच प्रकारे वजन उतरवताना काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन स्पर्धांत रबरी सूट आणि घाम काढण्याच्या खोल्या यांवर बंदी आली. वाढत्या वयाच्या मुलाने त्याच्या नैसर्गिक वजनाच्या गटातच खेळावे. "दोन दिवसांत तीन किलो कमी कर" असे सांगणाऱ्या प्रशिक्षकाला पालकांनी स्पष्ट नकार द्यावा.

या वयात फायदेही तेवढेच मोठे असतात. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात १३ ते १७ वयाच्या, गुन्हेगारी वर्तनाकडे झुकलेल्या ३४ मुलांचे तीन गट केले होते. एका गटाला परंपरागत तायक्वांदो शिकवला. त्यात आदर, संयम आणि ध्यान यांना जागा होती. दुसऱ्याला फक्त लढण्याचे तंत्र, तिसऱ्याला साधे खेळ. सहा महिन्यांनी पहिल्या गटातली आक्रमकता कमी झाली होती, तर दुसऱ्या गटातली वाढली होती. मुले थोडी होती, त्यामुळे या अभ्यासावर सगळा भार टाकता येणार नाही. पण तालमीतला जुना वस्ताद अंगातली मस्ती बाहेर दाखवू देत नसे, त्यामागचे शहाणपण त्यातून समजते.

वय १९ ते ४०: तंदुरुस्ती, छंद आणि स्वसंरक्षण

या वयात शरीर जवळपास काहीही झेलू शकते. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातून तीन वेळा तासाभराचा वर्ग केला, तर यातले बरेचसे साधते. जिममध्ये महिनाभरात कंटाळणारी माणसेही इथे टिकतात, कारण समोर जोडीदार असतो आणि प्रत्येक वेळी शिकायला काहीतरी नवे असते.

'सुरुवातीला उशीर झाला' ही भीती बाळगू नये. स्पर्धेत पदक मिळवायचे असेल तर पंचविशीतली सुरुवात उशिराची ठरेल. कला शिकायची आणि शरीर घडवायचे असेल तर नाही. फक्त पहिले तीन महिने दमाने घ्यावेत. दिवसभर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या कंबर आणि मांड्या आखडलेल्या असतात. पहिल्याच आठवड्यात उंच लाथ मारायला गेल्यास मांडीचा स्नायू ताणला जातो.

स्वसंरक्षणाचा मुद्दा या वयातल्या स्त्रियांसाठी विशेष महत्त्वाचा आहे, आणि तिथेच गैरसमजही जास्त आहेत. कराटेचा पट्टा मिळवणे आणि हल्ल्यातून सुटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गात जोडीदार ठरलेला हल्ला करतो, रस्त्यावर किंवा ओळखीच्या घरात तसे होत नाही. कॅनडातील विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या सुमारे ९०० विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्या मुलींना प्रत्येकी तीन तासांची चार सत्रे दिली होती. धोका वेळेत ओळखणे, ओळखीच्या माणसालाही ठामपणे नाही म्हणणे, आवाज वापरणे, सुटकेचे थोडे डाव आणि लैंगिकतेविषयी मोकळी चर्चा, असा त्याचा आराखडा होता. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण या गटात ५.२ टक्के होते, तर फक्त माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के.

या अभ्यासाचा अर्थ असा की स्वसंरक्षणाच्या चांगल्या वर्गात हातापायांइतकाच वेळ आवाजाला आणि निर्णयाला द्यायला हवा. हल्ल्याची जबाबदारी मात्र नेहमी हल्लेखोराचीच असते. प्रशिक्षण घेतलेले नव्हते म्हणून कोणत्याही स्त्रीला दोष देता येत नाही, हेही त्याच वर्गात सांगितले गेले पाहिजे.

वय ४० ते ६०: घसरणीला लगाम

चाळिशीनंतर व्यायाम नसेल तर स्नायू हळूहळू झिजतात. स्त्रियांमध्ये पाळी थांबल्यानंतर हाडांची घनता वेगाने कमी होते. वजन पेलण्याचा आणि शरीराला थोडा धक्का देणारा व्यायाम या दोन्हींना लगाम घालतो. कराटेचे काता, लाठी, हलका ज्युदो किंवा जिउ-जित्सू यांचा इथे चांगला उपयोग होतो.

या वयात काही गोष्टी मात्र बदलाव्या लागतात:

- रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार किंवा मणक्याचे दुखणे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावे. व्यायाम करताना छातीत दुखले, भोवळ आली किंवा नेहमीपेक्षा जास्त दम लागला तर तिथेच थांबावे.
- अंग गरम करायला दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. विशीतल्या मुलांबरोबर लगेच लढतीला उतरू नये.
- जोर लावताना श्वास रोखून धरू नये. त्याने रक्तदाब एकदम चढतो.
- एक दिवस सराव, एक दिवस विश्रांती असा क्रम ठेवावा. स्नायू आणि कंडरा सावरायला आता जास्त वेळ लागतो.
- लहानपणी तालमीत मेहनत केलेल्यांनी जुन्या आठवणींवर विसंबून जुने वजन किंवा जुने डाव लगेच करू नयेत. खुराकही तेव्हाचा ठेवू नये. मेहनत थांबली आणि तूप-दूध-बदाम चालू राहिले, तर वजन आणि साखर दोन्ही वाढतात.

साठीनंतर: पडू नये म्हणून

उतारवयात सगळ्यात मोठी शारीरिक भीती असते ती पडण्याची. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत बाजारातून भाजी आणणारी व्यक्ती अंथरुणाला खिळते. युद्धकलेचा सर्वांत भक्कम पुरावा असलेला फायदा नेमका इथे आहे.

पडणे टाळणाऱ्या व्यायामांच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तोल आणि रोजच्या हालचालींच्या व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी, तर ताई चीने सुमारे १९ टक्क्यांनी कमी होऊ शकते, असे त्यात दिसले. २०१८ च्या एका अभ्यासात सत्तरीच्या पुढचे, आधी पडलेले किंवा चालणे डळमळीत झालेले ६७० लोक होते. तोल सुधारण्यासाठी खास बसवलेली ताई ची त्यांनी आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे केली. नुसते शरीर ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांच्या गटात पडण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिले. पार्किन्सनच्या सौम्य ते मध्यम आजारातही ताई चीने तोल सुधारल्याचे २०१२ मध्ये नोंदले गेले.

यामागचे कारण साधे आहे. ताई चीत शरीराचा भार सतत एका पायावरून दुसऱ्यावर सावकाश जातो. गुडघे किंचित वाकलेले असतात, नजर आणि धड वळत राहते. रोजच्या आयुष्यात माणूस पडतो तो भार बदलतानाच: वळताना, पायरी उतरताना, काही घ्यायला हात लांबवताना. म्हणजे ज्या क्षणी पडण्याची शक्यता असते, त्याच क्षणाचा हा सराव असतो.

गावात ताई ची शिकवणारे कोणी नसेल तर तेच तत्त्व घरीही वापरता येते. भिंतीजवळ किंवा जड टेबलाला एक हात लावून एका पायावर उभे राहणे, टाच आणि बोट जोडून चालणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे. सुरुवातीला शेजारी कोणीतरी असावे. साठीनंतर प्रथमच सुरुवात करणाऱ्यांनी फेक आणि समोरासमोरची लढत यांच्या वाटेला जाऊ नये.

आयुष्यभर सराव करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. केरळमधील वडकराच्या मीनाक्षी अम्मा सातव्या वर्षी कलरीपयट्टू शिकू लागल्या. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी गाठली होती आणि तरीही त्या शिष्यांसमोर काठी-तलवार घेऊन उभ्या राहत होत्या. सात दशकांचा अखंड सराव काय करू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

वर्ग निवडताना काय पाहावे?

फी भरण्याआधी एक पूर्ण तास बसून वर्ग पाहावा. पुढील गोष्टी तपासाव्यात:

- जागा: फेकीच्या कलेसाठी जाड गादी किंवा नीट खणलेली माती आहे का? सिमेंटच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये फेक शिकवली जात असेल तर तो वर्ग सोडून द्यावा.
- गट: लहान-मोठी मुले वय आणि वजनानुसार वेगळी केली आहेत का?
- पहिला महिना: पडायला शिकवतात, की पहिल्याच आठवड्यात लढायला लावतात?
- दुखापत: डोक्याला मार लागल्यावर मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवले जाते का? असा मार लागल्यावर डॉक्टरांनी सांगेपर्यंत सराव पूर्ण बंद, हाच योग्य नियम. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही दिसले तर तातडीने रुग्णालयात न्यावे.
- पालकांना प्रवेश: वर्ग पाहायला मनाई असेल तर सावध व्हावे. या कलांमध्ये शरीराला स्पर्श होतोच. तो सर्वांसमोर, शिकवण्यापुरता आणि सांगून झालेला असावा. नको असलेल्या स्पर्शाबद्दल घरी लगेच सांगायचे, हे मुलांना आधीच शिकवावे.
- शिक्षा: मारणे, अपमान करणे, पाणी पिऊ न देणे ही शिस्त नव्हे.
- पट्टे आणि प्रमाणपत्रे: दर दोन-तीन महिन्यांनी परीक्षा आणि प्रत्येक परीक्षेची वेगळी फी असेल तर हिशोब आधीच विचारावा. जपानी पद्धतीत काळ्या पट्ट्याच्या पहिल्या पायरीला 'शोदान' म्हणतात. त्यातल्या 'शो'चा अर्थ आरंभ. वर्ष-दीड वर्षात काळा पट्टा देण्याचे वचन म्हणूनच शंकास्पद.
- स्पर्धा: 'राष्ट्रीय' किंवा 'आंतरराष्ट्रीय' असे नाव कोणीही देऊ शकतो. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांचा विचार असेल, तर ती स्पर्धा त्यासाठी मान्यताप्राप्त आहे का, हे शाळेतून किंवा जिल्हा क्रीडा कार्यालयातून आधी विचारून घ्यावे.

वयानुसार एका नजरेत

- ४ ते ६ वर्षे: खेळ, कोलांट्या, तोल. स्पर्धा नको.
- ७ ते १२ वर्षे: पडण्याचे तंत्र, कराटेचे काता, ज्युदो, कुस्ती, मर्दानी खेळ. डोक्यावर मार नको.
- १३ ते १८ वर्षे: ताकद, तंत्र, नियमांतली लढत. वजन उतरवण्याचे उपद्व्याप नकोत.
- १९ ते ४० वर्षे: आवडेल ती कला. स्वसंरक्षणासाठी वेगळे प्रशिक्षण.
- ४० ते ६० वर्षे: काता, लाठी, हलकी पकड. वैद्यकीय तपासणी आणि पुरेशी विश्रांती.
- साठीनंतर: ताई ची आणि तोलाचे व्यायाम.

घरातल्या तीन पिढ्यांनी तीन वेगळ्या कारणांसाठी एकाच दिवशी सुरुवात केली तरी चालते. नातू पडायला शिकेल, आई ठामपणे उभे राहायला शिकेल आणि आजी न पडायला. वर्ग जवळचा असावा, शिकवणारा घाई न करणारा असावा. कलेचे नाव त्यानंतर पाहिले तरी चालेल.